तासांचे रेकॉर्डिंग की एआय शिक्षक? आधी मुलांच्या उत्तरांची सोय करा

प्रश्न असा आहे: तालुक्याच्या गावातले कनिष्ठ महाविद्यालय, अकरावी विज्ञानाला १२० मुले, त्यांतली निम्म्याहून अधिक मराठी माध्यमातून दहावी झालेली. संस्थेने ऑनलाइन शिक्षणासाठी पाच वर्षांचा निधी बाजूला काढला आहे. त्यातून स्टुडिओ बांधून सगळे तास रेकॉर्ड करावेत, की एखाद्या कंपनीचा एआय शिक्षक घ्यावा? आणि दहा वर्षांनी हे शिक्षण कसे दिसत असेल?

स्टुडिओ बांधू नका, आणि एआयचा करार इतक्यात करू नका. त्याआधी एक व्यवस्था उभी करा. मुलाने सोडवलेले उदाहरण कोणीतरी बघेल, ते नेमके कुठे चुकले हे त्याला त्याच दिवशी कळेल, आणि मूल दोन दिवस दिसले नाही तर कोणाच्या तरी ध्यानात येईल. दहा वर्षांनी जे ऑनलाइन शिक्षण टिकलेले असेल ते या व्यवस्थेवर उभे असेल. व्हिडिओ आणि एआय हे तिचे अवयव आहेत. सुट्या अवयवांवर पैसे घातले की दोन वर्षांत खोलीला कुलूप लागते आणि पासवर्ड कोणाला आठवत नाही.

शिकवणे दूरवर पोचवणे हा आपल्याकडे बराच सुटलेला प्रश्न आहे. १९७५-७६ साली साइट प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचले. २००४ साली शिक्षणासाठीच म्हणून एडुसॅट सोडला गेला. आयआयटींचे एनपीटीईएल हे फुकट तासांचे संकेतस्थळ २००३ पासून आहे, केंद्र सरकारची स्वयम् आणि दीक्षा ही ऑनलाइन व्यासपीठे २०१७ पासून, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. अकरावीच्या कोणत्याही घटकावर आज उत्तम तास फुकट मिळतो. तुमच्या स्टुडिओतून निघणारा तास त्यांच्याशी स्पर्धा करणार, आणि ती स्पर्धा जिंकूनही मुलाच्या गुणांत फार फरक पडणार नाही.

कारण तास ऐकणे आणि शिकणे यांत मोठे अंतर आहे. २०११ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले, शेवटापर्यंत पोचले ते सुमारे २३ हजार. तोही आकडा चांगला म्हणावा असाच, पुढच्या बहुतेक खुल्या अभ्यासक्रमांत शंभरात दहाही पूर्ण करत नाहीत. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो मिटून जे आठवते ते लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. व्हिडिओ दुसऱ्यांदा बघणारे मूल पहिल्या गटातले आहे. त्याला समजल्यासारखे वाटते, ते खरोखर तसे वाटत असते, आणि म्हणूनच चाचणीचा कागद समोर येईपर्यंत कोणाला काही कळत नाही.

तेव्हा आखणीचे एकक 'तास' धरू नका, 'घटक' धरा. एका घटकात एकच संकल्पना आणि मुलाची एकूण २५ मिनिटे. रचना अशी ठेवा. सुरुवातीला व्हिडिओच्या आधी एक प्रश्न, दोन मिनिटे. उत्तर चुकले तरी चालेल, पण दिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. मग पाच ते सहा मिनिटांचा व्हिडिओ. ही मर्यादा हवेतली नाही: एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या ६९ लाख पाहण्यांच्या नोंदी तपासून २०१४ साली जो अभ्यास झाला, त्यात सहा मिनिटांपुढे लक्ष झपाट्याने उतरताना दिसले. त्यानंतर वहीत तीन उदाहरणे आणि वहीच्या पानाचा फोटो. दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न, सातव्या दिवशी दोन, एकविसाव्या दिवशी एक. हे मागच्या घटकांचे प्रश्न पुढच्या घटकाच्या तोंडाशीच ठेवावेत. 'उजळणी' असा वेगळा विभाग केला तर तिकडे कोणी फिरकत नाही.

खरी मेहनत प्रश्न घडवण्यात आहे. मोल संकल्पनेचे उदाहरण घ्या, अकरावीच्या रसायनशास्त्रात पहिल्या महिन्यात मुले इथेच अडकतात. प्रश्न: ३६ ग्रॅम पाण्यात हायड्रोजनचे किती मोल अणू आहेत? पर्याय: २, ४, ६, ७२. बरोबर उत्तर ४, कारण ३६ ग्रॅम म्हणजे पाण्याचे २ मोल आणि प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे २ अणू. ज्याने २ निवडले त्याला ग्रॅमचे मोल करता येतात, पण रेणू आणि अणू यांत तो गोंधळला. ६ निवडणाऱ्याने ऑक्सिजनही मोजला, म्हणजे बहुधा प्रश्नच नीट वाचला नाही. ७२ वाल्याने ग्रॅमलाच मोल धरले आणि २ ने गुणले. त्याची अडचण सगळ्यांत मुळाशी आहे, त्याला नववीच्या 'द्रव्याचे मोजमाप' या पाठापर्यंत मागे न्यावे लागेल. तिघेही चुकले, पण तिघांना एकच व्हिडिओ पुन्हा दाखवणे म्हणजे ताप, खोकला आणि पोटदुखीला एकच गोळी देणे.

म्हणून प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक गैरसमज असला पाहिजे आणि त्या गैरसमजावर वेगळी, दोन मिनिटांची दुरुस्ती. जागा भरायला टाकलेला पर्याय काढून टाका, चारऐवजी तीनच पर्याय राहिले तरी बिघडत नाही. असे गैरसमज शोधायला पुस्तक उपयोगी पडत नाही. मागच्या दोन वर्षांच्या चाचण्यांच्या उत्तरपत्रिका काढा, एका प्रश्नाच्या साठ-सत्तर चुकीच्या उत्तरांचे गठ्ठे पाडा. साधारण तीन-चार गठ्ठ्यांत बहुतेक चुका बसतात. एका शिक्षकाला असे चांगले पाच-सहा प्रश्न घडवायला एक दुपार लागते, हे धरूनच वेळ आखा. ही प्रश्नपेढी हीच तुमच्या संस्थेची मालमत्ता. एआय बदलेल, कंपनी बदलेल, ही राहील. ती सुरुवातीपासून साध्या तक्त्यात ठेवा: घटक, प्रश्न, पर्याय, प्रत्येक पर्यायामागचा गैरसमज, दुरुस्तीचा मजकूर, प्रश्न कितव्या दिवशी पुन्हा विचारायचा. मूडलसारख्या, ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या मुक्त प्रणालीत हा तक्ता थोड्या रूपांतराने चढवता येतो. कंपनीच्या बंद पेटीत प्रश्न टाकले की ते तिचे झाले.

तुमच्या मुलांची एक अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे बहुतेक तयार अभ्यासक्रम बघतही नाहीत. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेले मूल अकरावीला इंग्रजी पुस्तकासमोर येते. त्याला त्वरण येते, ॲक्सिलरेशन येत नाही. संवेग येतो, मोमेंटम ऐकून ते गप्प बसते. शिक्षकाला वाटते मुलाचा पाया कच्चा आहे, आणि काही महिन्यांत मुलालाही तसेच वाटू लागते. हा फार मोठा अन्याय आहे, आणि ऑनलाइन शिक्षण तो दूर करू शकते, कारण एकच घटक दोन भाषांत ठेवायला आता फारसा खर्च येत नाही.

पण यंत्राच्या भाषांतरावर डोळे मिटून विसंबू नका. 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी' दोन्हींना यंत्र 'वेग' म्हणते. आपल्या पाठ्यपुस्तकात स्पीड म्हणजे चाल आणि व्हेलॉसिटी म्हणजे वेग, आणि दिशा विचारात घ्यायची की नाही हा सगळा मुद्दाच त्या फरकात आहे. 'बेस'चा आम्लारीऐवजी पाया होतो, 'सॉल्ट'चा क्षाराऐवजी मीठ, 'सोल्यूशन' रसायनशास्त्रात द्रावण आणि गणितात उकल, 'पॉवर'ची कधी शक्ती, कधी ताकद, कधी घातांक. उपाय सोपा आहे. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने २०० ते २५० संज्ञांचा कोश करावा: इंग्रजी संज्ञा देवनागरीत, नववी-दहावीच्या पुस्तकातली मराठी संज्ञा, एक ओळीचा अर्थ आणि 'याच्याशी गल्लत करू नका' असा रकाना. भाषांतराचे कोणतेही साधन वापरा, त्याला हा कोश आधी द्या आणि आलेला मजकूर कोशाशी पडताळा.

इंग्रजीकडे नेण्याचा क्रमही ठरवून ठेवा. पहिले चार आठवडे समजावणे मराठीत, संज्ञा दोन्ही भाषांत, उत्तर कोणत्याही भाषेत चालेल. पाचव्या ते दहाव्या आठवड्यात प्रश्न इंग्रजीत, समजावणे मराठीत. अकराव्यापासून प्रश्न आणि उत्तर दोन्ही इंग्रजीत, सूचना मात्र मागितली तर मराठीत. यात नेहमी होणारी चूक म्हणजे मराठीचा आधार शेवटपर्यंत तसाच ठेवणे. मग मूल बारावीच्या परीक्षेत इंग्रजी प्रश्न पहिल्यांदाच एकटे वाचते. दुसरी चूक उलटी: पहिल्याच आठवड्यात आधार काढून घेणे.

आता एआय. त्याची खरी ताकद शिकवण्यात कमी आणि ऐकण्यात जास्त आहे. १२० वह्यांतली ३६० उदाहरणे रोज तपासणे चार शिक्षकांना अशक्य आहे, यंत्राला पहिली चाळणी लावणे शक्य आहे. इथून पुढे किंमत सर्वांत जास्त याचीच उतरेल, आणि ऑनलाइन शिक्षणाचा चेहरा बदलेल तो यानेच. मुलगी मराठीत बोलून सांगेल की घर्षणबल विरुद्ध दिशेला का दाखवले, आणि समोरून प्रतिप्रश्न येईल.

पण एआय कसा लावता यावर सगळे आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे एक हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. एका गटाला साधा चॅट-एआय दिला. सराव करताना त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली, आणि परीक्षेत तो काढून घेतल्यावर ती मुले, ज्यांनी एआय कधीच वापरला नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाच्या एआयला शिक्षकांनी प्रत्येक उदाहरणाचे उत्तर, नेहमीच्या चुका आणि द्यायच्या सूचना आधीच भरून दिल्या होत्या, आणि थेट उत्तर देऊ नको असे बजावले होते. त्या गटाचा सराव १२७ टक्क्यांनी सुधारला आणि नुकसान जवळपास टळले. मात्र परीक्षेत हा गटही एआयविना शिकलेल्यांच्या पुढे गेला नाही. विक्रेता तुम्हाला १२७ चा आकडा दाखवेल. तुम्ही परीक्षेचा विचारा.

यातून मांडणी निघते. मुलाने वहीतला स्वतःचा प्रयत्न, चुकलेला का होईना, टाकल्याशिवाय एआयने तोंड उघडू नये. पहिली सूचना फक्त दिशा दाखवणारी: 'ग्रॅमवरून मोलकडे कसे जातो?' दुसरी सूचना पायरी दाखवणारी. तिसरीला त्याच जातीचे, वेगळ्या आकड्यांचे सोडवलेले उदाहरण. पूर्ण उत्तर दुसऱ्या दिवशी. आणि ज्या घटकात मुलाने तिसरी सूचना घेतली त्याचा प्रश्न सात दिवसांऐवजी तीन दिवसांनी पुन्हा यावा.

करार करण्याआधी एका आठवड्याची परीक्षा घ्या. तुमच्याच मुलांच्या वहीतले ६० फोटो निवडा, साधारण अर्धी उत्तरे चुकीची, काही मंद उजेडात काढलेली, काही खाडाखोडीची. दोन शिक्षकांनी ती स्वतंत्र तपासावीत, मग यंत्राकडून तपासून घ्या. दोन आकडे वेगळे काढा: चुकीचे उत्तर बरोबर ठरवले किती, आणि बरोबर चुकीचे ठरवले किती. पहिली चूक जास्त घातक, कारण ती गैरसमजावर शिक्का मारते. दुसरीने मूल चिडते आणि शिक्षकाकडे येते, म्हणजे ती निदान उघडी पडते. दोन शिक्षकांत जितके मतभेद झाले त्याच्या दुपटीहून यंत्राचे जास्त झाले तर ते घेऊ नका. देवनागरी अंकांकडे मुद्दाम बघा: हाताने लिहिलेला ४ हा यंत्राला इंग्रजी आठसारखा आणि १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. बोलून द्यायच्या उत्तरांसाठी मुलांच्याच आवाजातली, त्यांच्या बोलीतली ३० उत्तरे घ्या, शिक्षकांच्या प्रमाण मराठीतली नकोत. शेवटी एका हुशार मुलाला यंत्रासमोर बसवा आणि सांगा, काहीही करून याच्याकडून थेट उत्तर काढून दाखव. विनवणी, राग, 'सरांनी सांगितलंय' अशी थाप, सगळे चालेल. दहा मिनिटांत निघाले तर पूर्ण वर्गाला ते आठवड्यात माहीत होणार.

खर्चाची एक छुपी बाजू: बरीच भाषा-प्रतिमाने (एआयच्या मुळाशी असलेल्या प्रणाली) शब्दांचे तुकडे पाडून मोजणी करतात, त्यावर पैसे आकारले जातात, आणि देवनागरी मजकुराचे तुकडे तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त पडतात. त्यामुळे इंग्रजी संवादावर दाखवलेला दर मराठीला लागू पडत नाही. कोटेशन मराठी संवादावरच मागा, दर विद्यार्थ्यामागे, महिन्याच्या कमाल मर्यादेसह.

फोन आणि डेटा. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी वापरलेली ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. तेव्हा 'फोन आहे का' हा प्रश्न मागे पडला. विचारा ते असे: फोन कोणाचा, मुलीच्या हातात किती वाजता येतो, आणि दिवसाचा डेटा तोपर्यंत उरतो का? प्रवेशाच्या वेळीच ही तीन उत्तरे लिहून घ्या. घरातला एकच फोन रात्री साडेआठनंतर मिळत असेल तर सायंकाळी सहाचा थेट तास त्या मुलीसाठी नाहीच.

डेटाचा हिशेब करून बघा. ३६० ओळींचा (360p) व्हिडिओ सेकंदाला ५०० किलोबिट धरला तर तासाला २२५ एमबी होतात. ७२० ओळींचा (720p), १५०० किलोबिटचा, तासाला ६७५ एमबी खातो. नुसता आवाज ३२ किलोबिटला तासाला १४.४ एमबीत बसतो. आता १५० घटक, प्रत्येकी सहा मिनिटे, म्हणजे पंधरा तास: ३६० ओळींत सुमारे ३.४ जीबी. एका विषयाचे वर्षभराचे सगळे व्हिडिओ ८ जीबीच्या मेमरी कार्डात मावतात, आणि नुसता आवाज २१६ एमबीत. म्हणून महाविद्यालयात एक लहान स्थानिक सर्व्हर ठेवा. कोलिब्री ही मोफत प्रणाली यासाठीच बनलेली आहे आणि रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालते. मुले मधल्या सुट्टीत वायफायवर आठवड्याचे घटक उतरवून घेतील, घरी फक्त उत्तरे आणि वहीचा फोटो जाईल. फोटो २०० केबीपर्यंत दाबून घ्या, त्याहून लहान केला तर घातांक वाचता येत नाहीत.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. कॉलरला लावायचा मायक्रोफोन, तिपाई, बरा फोन आणि पंखा बंद ठेवता येईल अशी खोली. मागच्या भिंतीवर चादर किंवा गोधडी टांगली की आवाज घुमत नाही. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते त्याचे कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि फोन सेकंदाला ३० चित्रे घेतो. २५ चित्रे आणि शटर १/५० सेकंद ठेवा, लुकलुकणे जाते. अक्षरांबाबत देवनागरीला इंग्रजीचा नियम लावू नका. रफार, वेलांटी आणि जोडाक्षरे लहान पडद्यावर एकमेकांत मिसळतात. अक्षराची उंची पडद्याच्या बाराव्या भागाहून कमी नको, म्हणजे एका चौकटीत पाच-सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर बसणार नाही, आणि बसूही नये.

आता माणूस. सगळ्या आखणीत खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री यावर चालते, आणि तिथेच योजना मरते. बोट्स्वानात करोनाकाळात शाळा बंद असताना घरोघरी आठवड्याला एक फोन आणि गणिताचे काही प्रश्न संदेशाने, इतकेच केले. मुलांच्या गणितात मोजता येण्याइतकी सुधारणा झाली. नुसत्या संदेशांनी तितका ठोस परिणाम दिसला नाही. दिल्लीत 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला, तिथे साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाएवढी (गुण सरासरीपासून किती विखुरले आहेत याच्या मापात) वाढ दिसली. शालेय प्रयोगांत असे आकडे क्वचित येतात. पण तिथे ९० मिनिटांतली ४५ सॉफ्टवेअरवर होती आणि ४५ लहान गटात माणसासमोर, मुले रोज केंद्रावर येत होती, आणि सॉफ्टवेअर इयत्तेचा अभ्यास रेटत नव्हते, मुलाची खरी पातळी शोधून तिथून सुरू करत होते. उलट पेरूमध्ये मुलांना लॅपटॉप वाटले, आजूबाजूला काही बदलले नाही, आणि भाषा-गणिताच्या चाचणीत फरक पडला नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ: १२० मुले, चार मार्गदर्शक, प्रत्येकाकडे ३०. दर मुलाला पंधरवड्यातून एक दहा मिनिटांचा फोन. म्हणजे मार्गदर्शकाला आठवड्याला अडीच तास, नोंदी धरून साडेतीन. तो वेळ तासिकेत मोजला गेला पाहिजे, 'जमेल तसे करा' म्हटले की जुलैनंतर कोणी करत नाही. सलग दोन घटक चुकले की ठरलेल्या फोनची वाट न बघता त्याच दिवशी फोन. आणि फोनवर 'अभ्यास का केला नाहीस' हा प्रश्न नको. वही समोर घे, शेवटचे सोडवलेले उदाहरण वाचून दाखव, कुठे थांबलीस ते सांग. एवढ्यावर संभाषण सुरू होते. मुलगी घरी भावाबहिणींना सांभाळत असते, कोणाची उसाची तोड चालू असते, अशी कारणेही त्यातूनच कळतात आणि त्यावर वेळ बदलून देता येते.

प्रयोगशाळेबाबत थोडक्यात. फोनमधले संवेदक वापरून घरी बरेच होते. एक मीटर दोरीचा लंबक, २० आंदोलने, सुमारे ४० सेकंद, त्यातून गुरुत्वत्वरण. पण ब्युरेटची तोटी फिरवून एक-एक थेंब सोडणे पडद्यावर शिकता येत नाही. अनुमापन (टायट्रेशन) आभासी प्रयोगशाळेत आधी समजून घ्यावे आणि हाताने प्रयोगशाळेतच करावे.

मूल्यमापन मात्र पूर्ण बदलेल. घरून लिहून आणलेल्या निबंधाला, प्रकल्पवहीला गुण देणे आता अर्थहीन होत चालले आहे. कॅमेऱ्याने पाळत ठेवून घरी परीक्षा घेण्याच्या मागे लागू नका, एकच खोली असलेल्या घरातले मूल त्यात विनाकारण संशयित ठरते. तोंडी परीक्षा परत आणा. प्रत्येक मुलाला सहा मिनिटे, त्याच्याच वहीतले एक उदाहरण उघडून 'ही पायरी का?' असे तीन प्रश्न. १२० मुलांना बारा तास लागतात, चार शिक्षकांत वाटले तर प्रत्येकी तीन. सत्रातून दोनदा हे सहज जमते. महाविद्यालयीन पातळीवर दिशा स्पष्ट आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वर करता येतात आणि श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. तुमची मुले पदवीला जातील तेव्हा एकट्याने ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करण्याची सवय त्यांच्याकडे असणे ही चैन राहणार नाही.

कायद्याचे एक कलम विसरू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे 'मूल' धरले आहेत, म्हणजे तुमचा जवळजवळ पूर्ण वर्ग. पालकांची पडताळता येईल अशी संमती प्रवेश अर्जाबरोबरच मराठीत घ्या. कंपनीकडून लेखी उत्तरे घ्या: मुलांचा आवाज आणि वहीचे फोटो कुठे साठतात, किती दिवसांनी पुसले जातात, तुमचे प्रतिमान घडवायला वापरले जातात का, आणि करार संपल्यावर आमच्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील. शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळले तर चर्चा तिथेच थांबवा.

दहा वर्षांनी काय दिसेल? भाषांतर आणि डबिंग इतके स्वस्त होईल की 'मराठीत साहित्य नाही' ही तक्रार संपेल आणि 'मराठीतले साहित्य बरोबर आहे का' ही सुरू होईल. ते तपासणारे विषयशिक्षक हवेत, म्हणून कोशाचे काम आजच हाती घ्यायचे. उजळणी आणि सराव घरी, यंत्राबरोबर. वर्गात चर्चा, प्रयोग, तोंडी. शिक्षक कमी लागतील असे कोणी सांगितले तर मानू नका. त्यांचा फळ्यासमोरचा वेळ कमी होईल, मुलाशेजारी बसायचा वाढेल.

निधीची वाटणी दर शंभर रुपयांत साधारण अशी करा: मार्गदर्शकांच्या वेळेला ४०, प्रश्नपेढी आणि कोशाला ३०, स्थानिक सर्व्हर, वायफाय आणि दहा-बारा उसने द्यायचे टॅब यांना १५, रेकॉर्डिंगला ५, एआयला १०, आणि हे दहा पहिल्या वर्षी खर्च करू नका.

सुरुवात एका विषयापासून आणि १२ घटकांपासून करा, ३० मुलांसह, सहा आठवडे. मुले स्वतः पुढे आलेली नकोत, चिठ्ठ्या टाकून निवडा, नाहीतर उत्साही मुलांचेच निकाल तुम्हाला दिसतील. शेवटी घटकांतल्या प्रश्नांशी मिळतीजुळती पण नवी १० उदाहरणे कागदावर, फोन बाहेर ठेवून, या ३० आणि बाकीच्या ९० मुलांना एकाच दिवशी द्या. किती जणांनी किती व्हिडिओ पाहिले हा आकडा अहवालात लिहूच नका. तीन आकडे लिहा: बाराही घटकांच्या वहीचे फोटो किती जणांनी टाकले, एकविसाव्या दिवसाचा प्रश्न किती जणांचा बरोबर आला, आणि कागदावरच्या चाचणीत दोन गटांत किती अंतर पडले. पहिला आकडा २० च्या खाली असेल तर पुढचे घटक बनवू नका. आधी न टाकणाऱ्यांना फोन करा, बहुतेक वेळा कारण फोनची वेळ, डेटा किंवा पहिल्या तीन घटकांतला एखादा अवघड टप्पा असतो, आणि ते दुरुस्त करून तेच बारा घटक नव्या ३० मुलांवर पुन्हा चालवा.